झाकणभर

तेल किती, हे मला चमच्यात कळत नाही.
बाटलीच्या झाकणात कळतं.
एकतीस वर्षं सुटे पैसे मोजले,
मोजायचं म्हटलं की बोटांना काठ लागतो.

अंजनाच्या मनगटाला प्लास्टर पडलं
तेव्हा अमळनेरच्या आमच्या दोन खोल्यांत
पहिल्यांदा मी ओट्याशी उभा राहिलो,
पाय फाकवून, कमरेने टेकून,
जणू ओटाच आता घाटातलं वळण घेणार.

ती खाटेवरून घंटी मारते.
कढई आधी तापू द्या. आता मोहरी.
एवढं तेल?
तुमले काय समजस!

खरं तर मला तेल थोडं समजतं.
मागच्या बाकावर कुणी डबा सोडला
की ड्रायव्हरपाशी उभा राहून मी ओळखायचो:
हे पारोळ्याचं करडई, तुळशीराम चौधरीच्या घाण्यावरचं.
हे सरकीचं, जिनिंगमधल्या पोराच्या भाजीतलं,
वास काही नाही, नुसती चकाकी.
आणि माझ्या डब्यातलं शेंगदाण्याचं
थेट वे-बिलावर उतरायचं.
डेपोतला कारकून कागद उजेडाकडे धरायचा,
म्हणायचा, आज वांगी होती वाटतं.
त्या डागांचा हिशेब कुणी मागितला नाही.

शहादा डेपोला असताना
धडगावच्या मुक्कामी गाडीत
रुमलीबाई पावराला तिकिटाला दीड रुपया कमी पडला.
तिने टोळंबीच्या तेलाची बाटली पुढे केली,
थंडीने गोठलेली, पिवळट, मेणासारखी.
दीड रुपया मी माझा टाकला, बाटली नको म्हटलं.
उतरताना ती सीटवर ठेवून गेली.
घरी आणली. अंजनाने वास घेतला
आणि दिव्याला लावली.
हे तेल आधी धूर येईस्तोवर तापवतात,
कडूपणा निघून जाऊ देतात, मग फोडणी,
हे मला पुढच्या महिन्यात कळलं,
रुमलीबाईनेच सांगितलं, हसत.
तोवर बाटली जळून संपली होती.

आता ओट्यावर दुसरी बाटली आहे,
चिठ्ठी नसलेली.
सावद्याच्या रमजान तडवीने दिली.
डाग पडला म्हणून ट्रकवाल्याने उतरवलेली केळी,
म्हणजे गाडी चुकलेलीच की ती,
त्याने बरणीत कोंबली आणि विसरला.
वर साय धरली, माश्या आल्या.
फेकायला निघाला तर बायको म्हणाली,
वास तरी घेऊन बघा.
त्याचा हा सिरका.
रंग उसाच्या रसाहून फिका,
नाकाशी नेला की डोळे आपोआप मिटतात.

आज भरीत केलं.
अंगणात घमेल्यात पऱ्हाटी पेटवून वांगी भाजली,
साल काढताना बोटं पोळली, तिला सांगितलं नाही.
बडगीत मिरची, लसूण, मग वांगी.
कांद्याची पात, दाणे.
कढईत दोन झाकणं शेंगदाण्याचं तेल,
वरून अर्धं झाकण जवसाचं, कच्चंच.
आणि ती खिडकीतून शेजारणीशी बोलत होती तेवढ्यात
सिरका.
झाकण नाही, झाकणाचा तळ ओला होईल इतकाच.

भरतात आंबट घालणं
आमच्याकडे फौजदारी गुन्हा आहे.

तिने डाव्या हाताने कळण्याची भाकरी मोडली.
घास घेतला. थांबली.
हाई काय शे?
विनातिकीट सापडलेले खिसे चाचपतात,
तसा मी सदऱ्यावर हात फिरवला.
तेल वेगळं आहे, म्हटलं.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
दुसऱ्यांदा भरीत मात्र
स्वतःच ओढून घेतलं.
बरं लागलं, असं काही म्हणाली नाही.
म्हणालीच असती तर
मला ती आजारी वाटली असती.

रात्री लाईट गेले होते.
ओट्याकडून आवाज आला, काच फरशीला टेकल्याचा.
मग झाकणाशी झटापट.
एका हाताने ते निघत नव्हतं.
थोडा वेळ काहीच नाही.
मग दात.
मग एक लांब श्वास, आत घेतलेला,
आणि पाठोपाठ ठसका, पदरात दाबलेला.

मी कूस बदलली.
बॅटरी उशाशी होती,
लावली नाही.